पहिल्या खेपेचं नको

"...मग सांगा माई, जिथं आपलं कुणीच नाही, तिथं माणसानं राहायचं तरी कशाला?"

यशोधन घारपुरेनं विचारलं आणि मठाच्या ओट्यावर बसकण मारली. चांगुणामाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

तसा माणूस मोठा. फिनलंडच्या एका विद्यापीठात नऊ वर्षं शेवाळावर संशोधन करतोय, नावावर तीस शोधनिबंध. हे त्यानं आल्या आल्याच सांगून टाकलं, माईंनी विचारलं नसताना. आता तिथं त्याला कायमची जागा देऊ केली होती. होय की नाही, ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नकाराचं पत्र मोबाइलमध्ये लिहून तयार होतं. माईंनी नुसतं 'बरं केलंस' म्हणावं, एवढ्यासाठी स्वारी टेकडी चढून आली होती.

मग त्यानं तिथल्या लोकांचे वाभाडे काढले. कोरडी माणसं. कामापुरतं बोलतात. घरी म्हणून बोलवत नाहीत. सांगता सांगता गाडी स्वतःवर आली.

"नऊ वर्षांत माझ्या दाराची बेल पार्सलवाल्याखेरीज कुणी वाजवली नाही, माई. रविवारी मी एकटाच मोठ्यानं बोलतो... आवाज आहे की गेला, ते बघायला."

माईंनी ताटलीत भाकरी घेतली, वर पिठलं घातलं आणि ताटली त्याच्यापुढे धरली.

त्याच्या पोटात कावळे ओरडत होते. सकाळपासून नुसत्या चहावर होता. पण घारपुऱ्यांच्या घरचं वळण असं की पहिल्या खेपेला हो म्हणणं म्हणजे हावरटपणा.

"नको नको माई, तुम्ही घ्या."

माईंनी ताटली मागे घेतली आणि त्या जेवायला बसल्या.

तो बघतच राहिला. आता विचारतील, मग विचारतील... माईंनी शेवटचा घास पिठल्यात फिरवला आणि तोंडात टाकला.

"माई," त्याला राहवेना, "आपल्याकडे नको म्हटलं तर आग्रह करतात ना."

"तू नको म्हणालास. मी ते खरं मानलं."

तो हसायला गेला... आणि थांबला.

फिनलंडात पहिल्याच आठवड्यात शेजारच्या टेबलावर काम करणारी आइनो त्याला शनिवारी जेवायला बोलवायला आली होती. तो म्हणाला होता, नको, उगाच तुम्हाला त्रास. तिनं बरं म्हणून मान डोलावली आणि ती गेली. वरवरचंच विचारलं, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. पुढे आणखी दोघांनी विचारलं, त्यांनाही त्यानं तेच सांगितलं. मग विचारणं बंद झालं आणि हा नऊ वर्षं आग्रहाची वाट बघत बसला.

हे सगळं त्यानं माईंना खाली बघून सांगितलं. लाज वाटली, रडूही आलं.

डोळे पुसत म्हणाला, "ती अजून शेजारीच बसते... पण आता कुठल्या तोंडानं जाऊ, माई?"

माईंनी हात धुतले. भाकरीच्या दुरडीवरचं फडकं सारखं केलं.

"अजून एक भाकरी आहे," त्या म्हणाल्या. "मी विचारणार नाही."