चाकाच्या खुर्चीतून निघालेलं यंत्र

साताऱ्यातल्या एका कॉलनीचे अध्यक्ष खर्डेकरसाहेब नियमांचे भलते कडक. आवारातल्या नव्या फरशांवर टेम्पो, हातगाडी, काही म्हणजे काही आणायचं नाही, असा फतवाच त्यांनी काढला होता. सूट फक्त चाकाच्या खुर्चीला. कारण तेव्हा त्यांच्या आजारी पत्नी, सुधावहिनी, हयात होत्या.

वहिनी गेल्या, पावसाळा सरला आणि बागेत गुडघाभर गवत माजलं. बाग सांभाळणाऱ्या चंद्राबाईंची पंचाईत झाली. गवत कापायचं यंत्र फाटकाशी आणि बाग पार दुसऱ्या टोकाला. उचलावं तर जड, फरशीवरून ढकलावं तर पात्यांची वाट लागणार.

"ते तुमचं तुम्ही बघा. नियम म्हणजे नियम," हातगाडीपुरती परवानगी मागायला गेलेल्या चंद्राबाईंना साहेबांनी सुनावलं.

दुसऱ्या दिवशी चंद्राबाई यंत्र चाकाच्या खुर्चीत बसवून, जुन्या लुगड्याने आवळून निघाल्या. साहेब व्हरांड्यातून गरजले, "थांबा! हा काय तमाशा?"

"खुर्चीला सूट आहे ना, साहेब? नियम तुमचाच आहे."

साहेब कठड्यावरून वाकून बघू लागले. मग त्यांनी खुर्ची ओळखली. "ही तर सुधाची! तुम्हाला कुणी दिली?"

"वहिनींनीच, अंथरुणाला खिळल्यावर. म्हणाल्या, ह्यांच्याबरोबर बागेत जायचं राहूनच गेलं. आता खुर्ची तरी जाऊ दे."

साहेबांनी चाकांकडे पाहिलं. रबर अजून कोरं करकरीत होतं.

ते पायऱ्या उतरून आले. "सोडा, मी ढकलतो."

बाग इतकी जवळ होती, हे त्यांना त्या दिवशी कळलं.