गजप्रकृतीचे पथ्य

दसऱ्याच्या मिरवणुकीत निंबगिरी संस्थानची हत्तीण चंचला भर पेठेत मटकन खाली बसली आणि महाराज पाठीवरून उतरेपर्यंत काही केल्या उठेना. लोक उपरण्यात तोंड लपवून हसले. राणी सगुणाबाईंना मात्र हसू आले नाही. जिना चढताना महाराजांना लागणारी धाप त्या रोज ऐकत होत्या.

त्यांनी महाराजांच्या ताटातले श्रीखंड बंद केले. महाराजांनी तडक राजवैद्य धुंडिराजशास्त्र्यांना बोलावले. शास्त्रीबुवा म्हणजे धन्याचा चेहरा पाहून नाडी सांगणारे! डोळे मिटून म्हणाले, "सरकारांची गजप्रकृती. हा देह जन्मतःच भारदस्त. याला पथ्य लागू पडत नाही, आणि व्यायाम तर बाधतोच."

"ऐकलंत?" महाराज खुलले. "ज्याची जशी प्रकृती, तसा त्याचा आहारविहार!"

"अगदी पटलं," राणीसाहेब म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी महाराजांपुढे चांदीच्या ताटात वडाचा पाला आला. दाराशी माहूत अदबीने उभा.

"हे काय?" महाराज गरजले.

"गजप्रकृतीचा आहार. आणि विहार म्हणजे चंचलेबरोबर नदीपर्यंत चालत जायचं, चालत यायचं. माहूत न्यायला आलाय."

महाराजांनी पंगतीला बसलेल्या शास्त्रीबुवांकडे असे पाहिले की त्यांनी धावत येऊन नाडी धरली. "सरकार, चमत्कार! प्रकृती रातोरात माणसाची झाली!"

"देव पावला," राणीसाहेब म्हणाल्या. "ताट बदला, भाकरी-भाजी वाढा. आणि माहूत, तुम्ही निघा. माणसाला नदीची वाट एकट्यानं सापडते."