टिटवीचा टिटवा

माणसं बोलायला लागली, त्याच्या थोडी आधीची गोष्ट. माळावरच्या तळ्याकाठी बिबट्याने भर दुपारी हरणीचं एक पाडस नेलं. जनावरांची सभा भरली. म्हाताऱ्या गव्याने नियम केला, "ज्याची नजर तीक्ष्ण आणि आवाज मोठा, तो पहारेकरी."

टिटवी पुढे झाली. "माझी नजर तीक्ष्ण आहे. आवाज तर तुम्ही रोज ऐकताच."

"ऐकतो, बाई," गवा म्हणाला. "पण नियमात 'तो' आहे आणि तू 'ती'."

"मग माकडाला नेमा," हरणी म्हणाली.

"ते माकड. तेही बसत नाही," गवा म्हणाला.

शेवटी सशाला नेमलं. सशाचा आवाज कुणी कधी ऐकला नव्हता, पण तो 'तो' होता.

चौथ्या दिवशी बिबट्या गवतातून सरकत आला. सशाने त्याला पाहिलं, पण त्याच्या तोंडून शब्द फुटेना. टिटवी मात्र किंचाळत बिबट्याच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. सगळे पळाले. हरणीचं दुसरं पाडस वाचलं.

संध्याकाळी पुन्हा सभा भरली. हरणी रडत म्हणाली, "आता तरी टिटवीला नेमा हो!"

गव्याने बराच वेळ विचार केला. "नियमाला हात लावता येणार नाही. पण आजपासून टिटवीला टिटवा म्हणू."

सगळ्यांना हे पटलं.

"चालेल," टिटवी म्हणाली. "टिटवा उद्या अंडी घालणार आहे. तेवढं नियमात बसवून घ्या."