पदमन तांडेलांचं शिसं

“धुक्यात किनारा दिसायचा नाही, तेव्हा वाट कशी कळायची हो, बाबा?”

प्रयोगशाळेतली ऋजुता गद्रे विचारत होती. आमच्या शेजारच्या, उभा जन्म दर्यावर गेलेल्या पदमन तांडेलांच्या पडवीत. मी कुंपणाशी वालाच्या शेंगा खुडत होते. शेंगा चारच, पण कान तिकडे.

खाडीकाठचा रंगांचा कारखाना बंद पडून नऊ वर्षं झाली. चिखलातल्या तिसऱ्या-शिंपल्या काढायला बंदी मात्र अजून आहेच. पाणी तपासून या ऋजुताची सही झाली की बंदी उठणार, आम्ही बायका ओहोटीला परत उतरणार. माझी टोपली तर धुऊन तयार होती.

“शिसं सोडायचो,” तांडेल म्हणाले. “दोरीला बांधून. बुडाला चरबी फासलेली. तळाचा चिखल चिकटून वर यायचा.”

“मग?”

“चाखायचा.”

“चिखल?” ती खो खो हसली.

“जिभेला कळायचं, खाडीचं तोंड आलं की अजून दर्याच आहे.”

“आता यंत्रं आहेत, बाबा. मी चाळीस ठिकाणचं पाणी तपासलंय. एकदम स्वच्छ! उद्या सही करते.”

“हुशार आहेस.”

तांडेल उठले. माळ्यावरून शिसं काढलं. इकडेतिकडे बघू लागले.

“चरबी नसली तर डालडा देऊ का?” माझ्याच्याने राहवलं नाही.

“आण, हिरू. आणि तूही चल. नाहीतरी तुझ्या शेंगा संपल्याच असतील.”

आम्हा तिघांची होडी खाडीच्या मधोमध थांबली. पाणी खरंच नितळ. तांडेलांनी दोरी सोडली… वर ओढली.

शिशाच्या बुडाला काळाकुट्ट चिखल. वर जांभळट तेलकट झाक. नवा रंगाचा डबा उघडल्यासारखा वास.

त्यांनी बोटावर घेतला. तोंडाकडे नेला… आणि अर्ध्यात थांबले.

“काय सांगतो हो चिखल?” मी विचारलं.

“काय माहीत. जीभ लावायला धजत नाही.”

मग ते बोट ऋजुतापुढे धरलं. “तू चाख.”

ती झटकन मागे सरली. होडी हलली.

“वरचं पाणी स्वच्छ आहे, बाबा.”

“आहे.”

“कारखानाही बंद आहे…”

“आहे.”

मला माझी टोपली आठवली.

“तिसऱ्या… याच चिखलात राहतात?” तिने हळूच विचारलं.

तांडेलांनी बोट पुसलं. ओली दोरी तिच्या हातात दिली.

“चाळीस ठिकाणं म्हणालीस ना? तिथंही शिसं सोड.”