पाचवा नंबर

"अक्का, तुम्ही मला पहिलाच नंबर दिलात ना?"

इंदूअक्का पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "दुसरा."

जयसिंगचा चेहरा उतरला.

कोल्हापूरच्या या जुन्या नटीनं त्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला शिकवलं होतं. आज संध्याकाळी कलावंत मंडळाचे पुरस्कार होते. उत्कृष्ट नटाच्या यादीत त्याचं नाव यंदा चौथ्यांदा आलं होतं. तीनदा तो नुसत्या टाळ्या वाजवून घरी आला होता.

"मग पहिला कुणाला?"

"शिवदासला."

"अक्का, मी तुमचा शिष्य!"

"आहेस की. पण मतपत्रिकेवर तसा रकाना नव्हता."

जयसिंग खुर्चीत बसला, लगेच उठला. फोन बघितला, खिशात टाकला, परत काढला.

"तुम्हाला कळत नाही, अक्का. मंडळाचे दोनशे सभासद. प्रत्येकानं यादीतल्या पाचही नटांना नंबर द्यायचे. पहिल्याला पाच गुण, दुसऱ्याला चार, असं करत शेवटच्याला एक. सगळ्या गुणांची बेरीज. एकेका गुणावर जीव टांगलेला असतो!"

"तू कसे दिलेस नंबर?"

"पहिला मला. त्यात काय, सगळेच देतात."

"आणि पाचवा?"

जयसिंग फोनची काच पुसू लागला.

"जयसिंग, पाचवा कुणाला दिलास?"

"शिवदासला."

"त्याचं काम वाईट होतं?"

तो खिडकीशी गेला.

"आंधळा कुंभार केलाय त्यानं," तो पाठमोराच म्हणाला. "चाकावरची माती हातानं चाचपतो ना, तिथं... तिथं मी थेटरातून उठून बाहेर आलो. पुढचं बघवेना."

"का?"

"मला जमलं नसतं तसं."

तेवढ्यात फोन वाजला. मंडळाचे चिटणीस होते. हळू आवाजात बोलत होते, तरी खोलीत ऐकू आलं.

"लवकर या, पहिल्या रांगेत बसा. जिंकलात तुम्ही! शिवदासपेक्षा दोन गुण जास्त. कुणाला बोलू नका मात्र."

फोन बंद झाला.

दोन गुण.

शिवदासला त्यानं दुसरा नंबर दिला असता तर चार गुण मिळाले असते. त्यानं एक दिला होता. तीन कमी.

"अक्का... जिंकलो मी."

तो पाया पडायला वाकला. इंदूअक्कांनी पाय मागं घेतले.

"थांब, बाबा. बाकी सगळ्यांची मतं आली. तुझं खरं मत अजून यायचंय."