तांब्याची मैना आणि वाळका भोपळा

एका राज्यात धवलसेन नावाचा राजा होता. तो शूर होता, प्रेमळ होता, पण दरबारात बोलायला उभा राहिला की अडखळायचा. म्हणून तो कालजंघ मांत्रिकाच्या गुहेतून तांब्याची मैना घेऊन आला. मांत्रिकाने बजावले होते, "ही बोलेल, तो आवाज कुणाच्या तरी गळ्यातून जाईल." राजाने ते ऐकून सोडून दिले.

मैना राजाच्या वतीने बोलू लागली. दरबार डोलू लागला. आणि एका सकाळी राजकन्या नीलाक्षीच्या तोंडून आवाज फुटेना. तिने मैनेच्या पंखावर हात ठेवला, की मैनाच तिच्या मनातले बोलायची. पण आपल्या थाटात.

राजा मैनेला घेऊन गुहेकडे धावला. कालजंघ म्हणाला, "दिलेली वस्तू मी परत घेत नाही. हिच्या तोंडून तुला तुझी लेक ऐकू येईल, त्या दिवशी शाप सुटेल. तोवर तू दगड होत जाशील."

राजा कसाबसा घरी पोचला. त्याची पावले दगडाची झाली होती.

नीलाक्षीने पंखावर हात ठेवला. मैना म्हणाली, "हे तात, हे नृपश्रेष्ठा, आपल्या व्यथेने माझे अंतःकरण विदीर्ण झाले आहे!"

"छान बोललीस," राजा म्हणाला, मैनेला. दगड गुडघ्यांपर्यंत चढला.

मग दरबारातले वृद्ध जमले. वृद्धांना उपाय नेहमीच ठाऊक असतात. प्रधान म्हणाले, "माणूस चुकतो. मैनेने चुकत बोलावे." मैना चुकत बोलली, अगदी मोजूनमापून. दगड कमरेला आला. पुरोहित म्हणाले, "माणूस रडतो." मैनेने हुंदके दिले, सगळे एकाच लांबीचे. दगड छातीवर आला. राजकवी म्हणाले, "माणूस म्हणी वापरतो." मैनेने म्हणींची माळ लावली. दगड गळ्याशी आला.

"अजून एक उपाय आहे," प्रधान म्हणाले.

नीलाक्षीने त्यांची काठी त्यांच्या हातात दिली आणि दाराकडे बोट दाखवले.

"अगं, आम्ही वडीलधारी माणसं!"

बोट खाली आले नाही. वडीलधारी माणसे गेली.

खुंटीला एक वाळका भोपळा टांगलेला होता. लहानपणी तोच पाठीला बांधून राजाने तिला पोहायला शिकवले होते. तिने भोपळा उचलला, मैना उचलली आणि महालामागच्या तळ्यात उतरली. मैनेच्या पाठीला भोपळा बांधून पोटाखाली तळहात धरला.

"हे सरोवर जणू नीलमण्यांचे..." मैना सुरू झाली.

नीलाक्षीने हात काढला.

मैना भेलकांडली. भोपळा एका अंगाला कलला, तांब्याच्या चोचीत पाणी गेले. "धर! धर ना! बुडतेय मी!"

नीलाक्षीने पुन्हा तळहात लावला आणि मैनेला छातीशी घेतले. मैनेने चोचीतले पाणी झटकले. मग तिने विचारले, "राजाने तुझाही हात असाच सोडला होता?"

नीलाक्षीने होकारार्थी मान हलवली.

"मग तू काय म्हणालीस?"

नीलाक्षीने पंखावर हात ठेवला. या वेळी मैना लगेच बोलली नाही. ती ऐकत राहिली.

दोघी ओल्याच महालात आल्या. राजाचे ओठ दगडाचे झाले होते, फक्त डोळे जिवंत होते. मैना त्याच्या खांद्यावर बसली आणि हळूच म्हणाली, "आबा... सोडलात ना हात? खोटारडे कुठले! धरलंय म्हणाला होतात."

राजाच्या डोळ्यांतून पाणी आले. ते जिथे जिथे ओघळले, तिथे तिथे दगड विरला. आधी ओठ, मग छाती, मग हात. ते हात पुढे झाले.

"धरलंय गं," राजा अडखळत म्हणाला. "ध... धरलंय, बाळ."

"खोटं!" नीलाक्षी म्हणाली. आवाज तिचा होता, घोगरा, रागावलेला. मग ती त्याच्या कुशीत शिरून रडली.

त्या दिवसापासून दरबारात राजा स्वतः बोलतो. अडखळतो, आणि लोक थांबतात. मैना खिडकीत बसते. कुणी तळ्याचे वर्णन करायला सांगितले, तर म्हणते, "मला पोहता येत नाही. नीलाक्षीला विचारा."