तिसरं बोट

जिल्हा नियोजनाच्या बैठकीत पालकमंत्री रणखांबे सुपारी चघळत बसले होते. तरुण दंतवैद्य रेवती सोनटक्केने गावोगाव फिरून तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करणारी गाडी मागितली होती. ती नाही मिळाली, तर लोक नेहमीसारखे उशीर झाल्यावरच तिच्याकडे येणार होते.

"पोरी, दुखलं की माणसं येतातच दवाखान्यात," साहेब म्हणाले. "ज्यांना काहीच होत नाही, त्यांच्या दारात सरकारने गाडी कशाला पाठवायची?"

बैठकीतल्या सगळ्या ज्येष्ठ सदस्यांनी माना डोलावल्या. त्यासाठीच ते आले होते.

"तुम्हाला काही होतंय का, साहेब?" रेवतीने विचारलं.

"ठणठणीत आहे मी."

"मग तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला. गेली, तर मी मागणी मागे घेते."

सभागृह हसलं. साहेबांनीही हसत सुपारी गिळली आणि आ वासला. दोन बोटं गेली, तिसरं दातांवर अडलं. त्यांनी पुन्हा जोर लावला. आता कोणी हसत नव्हतं.

"सुपारीने तोंड असंच आखडत जातं, सुरुवातीला दुखतही नाही, आणि पुढे त्यातूनच कॅन्सर होऊ शकतो," रेवती म्हणाली. "तुम्हाला तपासणीला न्यायला तुमची सरकारी गाडी दारात उभी आहे, साहेब. मी बाकीच्यांसाठी मागतेय."

साहेबांनी सुपारीची डबी बाजूला सारली आणि तिच्या मागणीवर सही करायला पेन मागितलं.